तुळसीबाईचं पान

१

माझं कुणी खरं मानलं नाही. भर दुपारी, घर माणसांनी भरलेलं असताना मी ओरडून सांगितलं की दार उघडा, आतल्या बाईला बाहेर यायचंय. नणंदा-जावा गातच राहिल्या. उलट माझा आवाज झाकायला जास्त मोठ्यानं गायल्या. मागाहून एक म्हणाली, मन्नीला, म्हणजे वहिनीला, मला, उपाशीपोटी चक्कर आली. दुसरी म्हणाली, लेकीचं लग्न तोंडावर आलं की आईचं डोकं ठिकाणावर नसतंच. माझी स्वतःची मुलगी म्हणाली, "अम्मा, तुला टेन्शन आलंय."

टेन्शन! मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. मला टेन्शन येत नाही, मला राग येतो.

तोच अजून गेला नाही, म्हणून लिहायला बसले. तंजावर सोडून मद्रासेत आमच्या घराण्यातलं पहिलं जे माणूस आलं, ते बाईमाणूस होतं. तुळसीबाई. तिच्याबद्दल आमच्यात आज जे कुजबुजतात ते खोटं आहे. आणि त्याआधी जे मिरवत होते तेही खोटंच होतं.

२

खरं काय ते मला सासूबाईंनी सांगितलं. विशालाक्षी त्यांचं नाव. डांगराला उडीद भाजत होत्या. वास सगळ्या घरात सुटलेला. आवाज खाली आणून त्या बोलायला लागल्या. सणावाराच्या घरात विधवेची गोष्ट मोठ्यानं सांगायची नसते.

मोठा दुष्काळ पडला तेव्हा तुळसीबाई, तिचा नवरा आणि दोन लहान पोरं बैलगाडीत बसून निघाली. विळुपुरमच्या अलीकडे नवऱ्याला पटकी झाली. तो गाडीतच गेला. तिथल्याच नदीकाठी त्याला जाळून बाई परत फिरली नाही. कासरे स्वतः हातात घेतले आणि बैल मद्रासेकडे हाकले. ज्या नातेवाइकांच्या भरवशावर निघाली होती त्यांनी दारातच अडवलं. आधी डोकं भादर, मग आत ये. तिनं भादरलं. मग छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, परक्यांसाठी भात रांधून दोन्ही पोरं वाढवली. आज चेन्नईत, बंगळुरात, अमेरिकेत आमची जी काय माणसं आहेत, ती सगळी त्या भातावर वाढलेली.

"आणि मुलाच्या लग्नात तिला काय केलं, ठाऊक आहे?" सासूबाई म्हणाल्या. "कोठीच्या खोलीत बसवली आणि बाहेरून दार ओढून घेतलं. नव्या नवरीच्या नजरेला विधवा पडू नये म्हणून. आत बसून तिनं सगळं लग्न कानानं ऐकलं."

मी म्हटलं, "मी असते तर दार मोडलं असतं."

"तू मोडलं असतंस. ती बसून राहिली." त्यांनी कढई उतरवली. "तिचं श्राद्ध करा, तिला नमस्कार करा. पण सवाष्णींच्या पानावर तिला कधी बोलावू नका, सुंदरी. तिला ते सोसायचं नाही. आणि ज्या घरात बोलावलं त्या घरच्या कुंकवालाही सोसायचं नाही."

आमचे हे तेव्हा तिथंच पाटावर बसून कॉफी पीत होते. सगळं ऐकलं. पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "अम्मा, उडीद करपले बघ."

करपले नव्हते.

३

हे पेरंबूरला रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात होते. निवृत्त झाल्यावर आम्ही विल्लिवाक्कमला फ्लॅट घेतला. हॉल, स्वयंपाकघर, एक खोली आणि खोलीला गच्ची. कीर्तना आमची एकुलती. शोळिंगनल्लूरला कॉम्प्युटरच्या ऑफिसात जायची. तिचं लग्न ठरलं आवडी गावात राहणाऱ्या दत्तोपंतांच्या अमोघशी. ती माणसं मूळची पुण्याकडची. मुलगा श्रीपेरुंबुदूरला कारखान्यात, चांगला, हसरा. बघायला आले तेव्हा माझं बोलणं ऐकून त्याची आई म्हणाली, "अय्या, तुमची मराठी ऐकली की आमची पणजीच बोलतेय असं वाटतं." मी म्हटलं, "मग पाया पडा." सगळे हसले.

यांचा धाकटा भाऊ व्यंकटेश. बँकेतून लवकर बाहेर पडला आणि रिकाम्या डोक्यात घराण्याचा इतिहास शिरला. कॉम्प्युटरवर वंशावळ मांडली. अमेरिकेतल्या पुतण्यांशी रोज बोलायचा. तुळसीबाईचा फोटो कुठला असायला! तर मैलापूरच्या एका चित्रकाराला गाठून तिचं मोठं चित्र काढवून घेतलं आणि लग्नाच्या आधी आमच्या हॉलमध्ये आणून टांगलं.

मी बघत राहिले. हिरवं नऊवारी, नाकात नथ, केसांचा खोपा, खोप्यात मोगरा, आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"ही कोण?" मी विचारलं.

"अय्यो मन्नी! तुळसीबाई. आपली मूळमाता."

"तुळसीबाईचं डोकं भादरलेलं होतं."

"अम्मा काहीही सांगायची ग. दोघं नवरा-बायको मिळून आले, त्यांनी धंदा काढला, ती भरल्या कपाळानं गेली. असं मी सगळ्यांना कळवलंय. पोरांना अभिमान वाटेल असं काहीतरी नको का? विधवा म्हटलं की गोष्ट तिथंच रडायला लागते."

"रडायचीच गोष्ट आहे ती."

"तू चौथी शिकलेली, मन्नी. इतिहास कसा लिहायचा ते राहू दे माझ्याकडे."

मी यांच्याकडे बघितलं. म्हटलं, "तुम्ही होतात तिथं. अम्मांनी तुमच्यासमोर सांगितलंय. सांगा की त्याला."

हे चित्राची दोरी सरळ करत होते. म्हणाले, "इतक्या हौसेनं आणलंय त्यानं. राहू दे."

मग व्यंकटेशनं खरं ते काढलं. कीर्तनाच्या सवाष्णींच्या जेवणात तुळसीबाईचं पान मांडायचं. व्हिडिओवाला बोलावलाय, सीडी अमेरिकेला जाणार.

स्वयंपाकघरात मी यांना कोपऱ्यात घेतलं. "हे होऊ द्यायचं नाही. अम्मांनी कुंकवाचं नाव घेतलं होतं. माझं कुंकू म्हणजे तुम्ही. मला ना कुठली मूळमाता हवी, ना सीडी. मला तुम्ही हवेत."

हे हसले. माझ्या डोक्यावर टपली मारली. "मी कुठं चाललोय? लग्नात भावाचं मन कशाला मोडायचं?"

४

आमच्यातली रीत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लग्नाआधी घरातल्या ज्या बायका नवऱ्याच्या आधी गेल्या, त्यांना जेवायला बोलावतात. बंद खोलीत केळीचं पान मांडायचं. पानापुढं पाट, पाटावर कोरं नऊवारी, हळद, कुंकू, बांगड्या, फूल. सगळा स्वयंपाक वाढायचा. घरच्या थोरल्या सवाष्णीनं उंबऱ्यात उभं राहून नावानं हाक मारायची. मग कापूर लावून दार ओढून घ्यायचं आणि बाहेर बायकांनी गाणं म्हणायचं. गाणं संपेपर्यंत त्यांचं जेवण चालतं. तोवर दार घरच्या कर्त्या पुरुषानं धरायचं. उघडायचं नाही.

त्या दिवशी मी सोवळ्यात पहाटेपासून रांधत होते. कायरस, रसवांगी, डांगर, सुरळीच्या वड्या, पुरणपोळी. हॉलमध्ये बायका दाटीनं बसलेल्या. व्हिडिओवाल्याचा दिवा डोळ्यांवर येत होता. उंबऱ्यात उभी राहून मी सासूबाईंना हाक मारली. त्या सासऱ्यांच्या आधी गेल्या, त्यांचा मान. यांच्या आत्याला हाक मारली. मग गप्प झाले.

"पुढं, मन्नी," व्यंकटेश मागून म्हणाला.

"संपलं."

"तुळसीबाई राहिली."

"मी नाही बोलावणार."

बायकांमध्ये कुजबुज झाली. दिवा माझ्या तोंडावर आला. मी यांच्याकडे बघितलं. यांनी पंचपात्राकडे बघितलं.

आणि व्यंकटेश माझ्या खांद्यावरून डोकावून, कॅमेऱ्याला ऐकू जाईल असा, मोठ्यानं ओरडला, "तुळसीबाई! या! पानावर बसा!"

पुरुषानं ही हाक कधी मारलेली मी ऐकली नाही. तिच्या सबंध आयुष्यात तिला कुणी असं मोठ्यानं आत बोलावलं असेल, असंही मला वाटत नाही.

यांनी दार ओढून घेतलं. बायकांनी गाणं धरलं.

५

आधी मला वाटलं, वारा. गच्चीचं दार मी स्वतः लावलं होतं, तरी म्हटलं वारा. फ्लॅटची दारं कसली, पुठ्ठ्याची. ती हलायचीच.

मग वाटलं, मांजर कोंडलं गेलं. मांजर असतं तर पानावर गेलं असतं. भांडं पडलं असतं. तसलं काही नाही. आवाज दाराचाच होता. ते दार आतल्या बाजूला उघडणारं. आतून कुणी ओढतं, बाहेरून धरलेलं असतं, मग चौकटीला जसं बारीक टक् टक् होतं, तसा. जोराचा नाही. घाईचाही नाही. थांबायचा, पुन्हा व्हायचा. परक्या घरात चुकून शिरलेलं माणूस जसं कुणाला त्रास न देता बाहेर पडायला बघतं, तसा.

मी गाणं सोडलं. दाराजवळ गेले. आणि दाराच्या खालच्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर, मला ते ऐकू आलं. रडणं म्हणत नाही मी त्याला. पदर तोंडात कोंबून माणूस जो आवाज बाहेर पडू देत नाही, तो.

"उघडा," मी यांना म्हटलं.

हे उभे. डाव्या हातात दाराची मूठ, उजव्या हातात पंचपात्र.

"ऐकू येतंय ना? उघडा! तिला बाहेर यायचंय!"

"मन्नी, गाणं चालू आहे," व्यंकटेश दातावर दात ठेवून म्हणाला. "उंदीर असेल. रेकॉर्डिंग चाललंय."

"उंदीर तुझ्या बापानं पाळलाय का? उघडा म्हणते ना!"

मी मूठ धरायला गेले. धाकटी जाऊ सुनीती आणि कीर्तना, दोघींनी मला मागं ओढलं. कीर्तना रडकुंडीला आली होती. "अम्मा, प्लीज. आवडीहून माझ्या सासरची माणसं आलीयत. माझं लग्न आहे ग." तिच्या तोंडाकडे बघून मी पुढं केलेला हात मागं घेतला. मी यांच्याकडे बघितलं. नवऱ्यानं एकदा नुसतं माझ्याकडे बघायचं असतं. तेवढंच मागत होते मी. हे कॅमेऱ्याकडे बघून हसत होते.

गाणं लांब होतं. सगळी कडवी झाली. शेवटाकडे आवाज थांबला होता.

६

दार ढकललं तर चटकन उघडेना. मागं काहीतरी मऊ अडकलेलं. हे खांदा लावून आत गेले, मागून मी.

पाट रिकामा होता. कोरं नऊवारी दारामागच्या कोपऱ्यात, पानापासून खोलीत जितकं लांब जाता येईल तितक्या लांब, गोळा होऊन पडलं होतं. नुसतं पडलेलं लुगडं पसरतं. हे पसरलं नव्हतं. गुडघे पोटाशी घेऊन, डोक्यावरून ओढून कुणी बसावं, तसं उभं होतं आणि आमच्या देखत हळूहळू खाली बसलं. मी हात लावला. एके ठिकाणी, तोंड असावं तिथं, ओलं होतं.

पानावरचं शीतही हललं नव्हतं. हळद-कुंकू जसंच्या तसं. पण पान मिटलेलं होतं. जेवण झालं की आपण पान आपल्याकडे मिटतो. हे पलीकडे मिटलं होतं. मयताच्या घरी जेवून उठताना मिटतात, तसं.

"पंख्यानं," व्यंकटेश म्हणाला. पंखा बंद होता. मी वर बोट दाखवलं. तो दुसरीकडे बघायला लागला.

लग्न पार पडलं. छान पार पडलं. कीर्तना सासरी गेली. घरात आम्ही दोघं आणि भिंतीवरची ती नथवाली.

त्यानंतर यांना मी मूठ धरताना पाहिलं नाही. खोलीचं दार लावायचंच बंद केलं यांनी. विटेचा तुकडा आणून दाराला टेकवून ठेवला, कायम उघडं राहील असा. मी विचारलं तर म्हणाले, हवा येते. डावा हात सारखा चोळायचे. दंडापासून बोटांपर्यंत.

एकदा संध्याकाळी मी भाजी निवडत होते. हे म्हणाले, "सुंदरी, उपासतापास करून त्या जुन्या बायकांच्या अंगात बळ काय राहत असेल ग?"

"कसलं बळ?"

"नाही. एवढंसं असेल. लहान पोराएवढं."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"काही नाही. असंच."

पहिल्या दिवाळीला जावई यायचा होता. त्याआधीच, खोलीच्या उघड्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचता वाचता हे गेले. आवाज नाही, हाक नाही. डॉक्टर म्हणाले, डाव्या हाताचं दुखणं हृदयाचंच असतं, आधी आणायला हवं होतं. शहाणा माणूस. मीही मानलं असतं.

७

तेराव्याला आमच्या बायका स्वयंपाकघरात बोलत होत्या आणि मी आले की गप्प होत होत्या. मला ऐकायची गरज नव्हती, सगळं कळत होतं. तुळसीबाईनं कुंकू नेलं. विधवा ती, दुसरीचं भरलेलं कपाळ तिला बघवलं नाही. चित्र कुणीतरी भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. इतक्या लांबून गाडी हाकत आलेली बाई! आधी तिला नथ घातली, आता चेटकीण केली. तिचं स्वतःचं तोंड कुणालाच नको होतं.

माझं कपाळ मोकळं होतं. कीर्तनाच्या मुलीच्या लग्नात मला पान नसणार, हे मला कुणी सांगायला नको होतं. त्याचं मला काही नाही. रिकाम्या खुर्चीचं आहे.

पाहुणे पांगल्यावर मी कीर्तनाला म्हटलं, "ती सीडी लाव."

"अम्मा, आज?"

"आज. त्यांना चालता-बोलता बघायचंय मला."

तिनं लावली. मी, कीर्तना, व्यंकटेश, सुनीती. गाणं सुरू झालं. माझा आरडाओरडा व्यंकटेशनं त्यातून काढून टाकला होता, वर नादस्वरम् घातलं होतं. पण चित्र तेच होतं. दारात हे. नवं धोतर, उजव्या हातात पंचपात्र, तोंडावर हसू.

मी हसू बघितलं नाही. डाव्या हाताकडे बघितलं.

हात आत ओढला जात होता. थोडासा, मग पुन्हा मागं. थोडासा, मग पुन्हा मागं. बोटांची पेरं पांढरी पडलेली. आणि यांनी डावा पाय उचलून चौकटीला लावला होता. नेट दिला होता. पंचपात्रातलं पाणी धोतरावर सांडत होतं आणि हे हसत होते.

"बघ," मी म्हटलं. "कीर्तना, हात बघ अप्पांचा."

"दार धरलंय अम्मा. धरायचंच असतं ना?"

"पाय बघ!"

"उभं राहून पाय भरून येतात ग." तिला रडू फुटलं. तिनं बघितलंच नाही.

पडद्यावर गाणं संपलं. यांनी दार ढकललं. आधी वीतभरच उघडलं. त्या वीतभर अंधारात, खाली, मुठीच्या बरंच खाली, दाराच्या कडेला टेकलेलं एक डोकं होतं. केस नसलेलं. ओढून ओढून दमून बसलेल्या माणसाचं डोकं. मग यांचं धोतर आडवं आलं.

एवढंच. पुन्हा लावायला सांगितलं नाही. ती घरात शिरायला आली नव्हती. आम्ही बोलावून कोंडली होती, आणि आपण इथं असलो तर काय होईल ते तिला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ती निघून जायला बघत होती. माझं कुंकू वाचवायला ओढत होती बिचारी.

व्यंकटेश एकदम माझ्या पायांशी बसला. मोठ्यानं रडायला लागला. "मन्नी, माझंच चुकलं. मी हाक मारली. मीच अण्णाला खाल्लं. मला मार तू."

"ऊठ," मी म्हटलं. "तू मूर्ख आहेस. आईचं ऐकलं नाहीस, तुला वाटलं तसं लिहिलंस, हाक मारलीस. पण तुझ्या हाताला काही लागलं नव्हतं. तू उंदीर म्हणालास, तुला उंदीरच वाटला."

"मग तुळसीबाई?"

"तिचं नाव घेशील तर थोबाड फोडीन."

"मग कुणाचं, अम्मा?" कीर्तनानं विचारलं. डोळे पुसत, लहानपणी विचारायची तसं. "कुणाचंच नाही ना? असंच झालं ना?"

मी टीव्हीकडे बघितलं. शेवटचं चित्र तिथंच थांबलं होतं. माझं माणूस. खरं माहीत असलेलं. हाताला ओढ लागलेली. मी समोर ओरडत असलेली. एक बोट सैल केलं असतं तरी पुरलं असतं. चार लोकांत वाईट दिसू नये म्हणून पाय लावून उभं राहिलेलं, आणि मला टाकून गेलेलं.

इतक्या वर्षांच्या संसारात मी ज्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं, ते घेतलं.

"राजगोपाल."